किनाऱ्यावरची चांदीची तार

सोळाव्या-सतराव्या शतकात आमच्या किनाऱ्यावर एक नाणं चालायचं, ते गोल नव्हतं आणि चौकोनीही नव्हतं. ती चांदीची तार होती. बोटभर लांबीची, मधोमध दुमडलेली, ठोकून जराशी चपटी केलेली आणि त्या चपट्या अंगावर छाप मारलेली. तिला लारी म्हणत. नाव आलं इराणच्या दक्षिणेकडच्या लार शहरावरून आणि नाणं आलं होर्मुझच्या गलबतांतून, घोड्यांच्या सोबतीने. पुढे विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने स्वतःच्या नावाच्या लाऱ्या पाडल्या. एका लारीचं वजन पाच ग्रॅमला थोडं कमी, तारेची जाडी साधारण अडीच मिलिमीटर. व्यापाऱ्याला हे नाणं सोयीचं होतं. संशय आला तर छिन्नीचा एक घाव घालायचा, आत तांबं असेल तर तिथेच उघडं पडायचं.

मी रेवदंड्याची. नोकरी केली ती नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल संकुलात, ग्लायकॉल तपासण्याच्या प्रयोगशाळेत. निवृत्तीनंतर चौल-रेवदंड्याचा इतिहास वाचायला घेतला आणि ही दुमडलेली तार समोर आली. तेव्हापासून मी चांदीच्या तारेच्या मागे आहे, कारण तिचं अगदी अलीकडचं रूप ज्या द्रवात तयार होतं तो द्रव मी वर्षानुवर्षं बाटल्यांत भरून तपासला होता. आज पारदर्शक इलेक्ट्रोडसाठी चांदीच्या ज्या तारा वापरतात त्यांची जाडी ५० नॅनोमीटरच्या आसपास असते, म्हणजे लारीच्या तारेपेक्षा पन्नास हजार पट बारीक. एका लारीएवढ्या चांदीची एवढी बारीक तार केली तर तिची लांबी सव्वादोन लाख किलोमीटरच्या वर जाते. चंद्राची निम्म्याहून जास्त वाट. चांदीची घनता घेऊन हा हिशोब कुणालाही वहीच्या एका पानावर करता येईल.

लारीपासून नॅनोतारेपर्यंतच्या या चार शतकांत तारेइतकंच तिच्याभोवतीचं कसबही गावं बदलत गेलं. आमच्या किनाऱ्याच्या वाट्याला कधी कसब आलं, कधी नुसता माल. मला मांडायचा आहे तो हा जमाखर्च.

चौलचं वय मोठं. टॉलेमीच्या भूगोलात ते सिमुल्ला म्हणून येतं, अरबांच्या लेखनात सैमूर म्हणून. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल मसूदी इथे येऊन गेला. १५२१ मध्ये निजामशाहीच्या संमतीने पोर्तुगीजांनी खाडीच्या तोंडाशी किल्ला उभारायला घेतला, तोच आजचा रेवदंडा. वरचं चौल निजामशाहीचं, खालचं पोर्तुगीजांचं. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने पोर्तुगीज चौलला वेढा घातला आणि तो सोडूनही दिला. एवढ्या झटापटीचं कारण व्यापार हे होतं, आणि त्या व्यापारात घोड्यांच्या जोडीला होतं रेशीम. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदी महासागरात भटकलेला फ्रेंच प्रवासी पिरार सांगतो की चौलचं रेशीम गोव्याला आणि बहुतेक हिंदुस्थानाला पुरतं आणि ते चीनच्या मालाहून सरस असतं. याच पिरारने लारीचंही वर्णन करून ठेवलं आहे.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कच्चं रेशीम समुद्रातून यायचं, चीनकडून. चांदीही समुद्रातूनच यायची. चौलच्या आसपास ना तुतीचे मळे होते, ना चांदीची खाण. इथे होती ती माणसं: धागा उकलणारी, रंगवणारी, माग चालवणारी. दुसऱ्याच्या रेशमावर आणि दुसऱ्याच्या चांदीवर हे बंदर श्रीमंत झालं ते या माणसांच्या हातांमुळे. १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेली आणि चौलचे विणकर हळूहळू तिकडे सरकू लागले. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आलं तेव्हा व्यापाराचा जोर मुंबईने आधीच ओढून नेला होता. आज किल्ल्याच्या तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, पडक्या चर्चच्या भिंती आहेत आणि सातखणी मनोरा आहे. माग नाहीत.

तार मात्र घाटावर बारीक होत राहिली. पैठण, येवला आणि पेशवाईत पुणे ही जरीची गावं. जरीचं काम म्हणजे एकाच चांदीवर चालणारी हातांची साखळी. आधी सोनार चांदीची लगड तयार करायचा, तिच्यावर सोन्याचा पातळ पत्रा गुंडाळायचा आणि तापवून-ठोकून दोन्ही एकजीव करायचा. मग ती लगड जंतरातून ओढायची. जंतर म्हणजे भोकं पाडलेली पोलादी पट्टी, प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा किंचित लहान. तार ओढणारे ते तारकस. ओढलेली तार ठोकून चपटी करणारे चापडे. ती चपटी तार रेशमाच्या धाग्यावर गुंडाळणारे वळणार. तेव्हा कुठे कलाबतू तयार व्हायची आणि पैठणीच्या पदरात जायची. या सगळ्यात एक नवल आहे. लगड शेकडो पटींनी लांब झाली तरी वरचं सोनं कुठे फाटत नाही, चांदीबरोबर त्याच प्रमाणात पातळ होत जातं. म्हणून तर बोटभर सोन्यात साडीभर पदर पिवळा दिसायचा.

ओढून तार किती बारीक करता येते याला मर्यादा आहे. तारेत कुठेतरी धूळ-कचऱ्याचा कण असतो, कुठे फट असते. तार जाड असते तोवर त्याने काही बिघडत नाही. तार त्या कणाच्या मापाला आली की तिथेच तुटते. म्हणून चांदी फार शुद्ध लागते आणि भोक फार गुळगुळीत. १८१३ मध्ये लंडनला वोलस्टन या रसायनशास्त्रज्ञाने यावर एक युक्ती काढली. त्याने प्लॅटिनमची तार चांदीच्या कांडीत घातली, दोन्ही एकत्र ओढली आणि मग नायट्रिक आम्लात चांदी विरघळवून टाकली. आत उरली मायक्रॉनच्या मापाची प्लॅटिनमची तार, दुर्बिणीच्या भिंगात आडवी-उभी रेघ म्हणून लावायला. तिथे चांदी फक्त म्यान होती. ओढण्याच्या कलेचा तो शेवटचा टप्पा म्हणायला हरकत नाही.

आमच्या घरात आजेसासूबाईंची एक पैठणी आहे. सासूबाई तिला मलमलीत गुंडाळून ठेवायच्या, डांबराची गोळी जवळ येऊ द्यायच्या नाहीत आणि वर्षातून एकदा घडी मोडून उलटी घालायच्या. तरी काठ काळवंडलाच. रेवदंड्याला राहणाऱ्या रसायनशास्त्राच्या माणसाला कारण शोधायला लांब जावं लागत नाही. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की जो वास सुटतो, त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. चांदीला गंधक मिळालं की वर काळा सिल्व्हर सल्फाइड चढतो. सोन्याचा थर जिथे झिजला तिथून तो आत शिरतो. अशा जीर्ण साड्या घ्यायला जुनी जर विकत घेणारे यायचे. साडी जाळायची, राख गाळायची, चांदी वजनावर घ्यायची. आमची पैठणी दारापर्यंत जाऊन परत आली ती सासूबाईंच्या हट्टामुळे.

चांदीची तार आमच्या किनाऱ्यावर परत आली १९०४ मध्ये, अलिबागला, आणि ती आली हे कुणालाच कळलं नाही. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासूनची. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी १८४१ मध्ये सुरू झाली आणि १८७२ पासून ती फोटोच्या कागदावर उतरू लागली. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेच्या ट्रामचा बेत ठरला. रुळांतून जमिनीत झिरपणारी वीज होकायंत्राच्या सुईला जगू देणार नाही, हे तेव्हाचे संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांना दिसत होतं. त्यांनी खाडीपल्याडचं अलिबाग निवडलं. पोरबंदरचा दगड आणला, कारण त्यात चुंबकीय खनिज नाही. जिथे लोखंड लागलं असतं तिथे तांबं-पितळ वापरलं. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला बिनचूक जोडता यावी. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तोवर सुया समुद्र ओलांडून आल्या होत्या.

नोंद कशी व्हायची ते पाहा. लहानसा चुंबक बारीक तंतूला टांगलेला, त्याला चिकटवलेला इवलासा आरसा. दिव्याची किरणशलाका आरशावर पडून परतते ती घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या पिंपावरच्या फोटोच्या कागदावर. चुंबक हलला की प्रकाशाचा ठिपका सरकतो. कागद अंधाऱ्या खोलीत डेव्हलपरमध्ये बुडवला की दिवसभराची काळी रेघ उमटते. आता ती रेघ कशाची? चांदीची. कागदावरच्या जिलेटीनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइडचे कण असतात. ज्या कणावर प्रकाश पडला, त्यात चांदीच्या मोजक्या अणूंचं एक बीज तयार होतं. डेव्हलपर त्या बीजाला इलेक्ट्रॉन पुरवतो आणि तिथून धातू वाढायला लागतो. तो गोळा होऊन नव्हे, धाग्यासारखा बाहेर पडतो. १९४० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा कळलं की फोटोतला काळा भाग म्हणजे चांदीच्या धाग्यांचे गुंते आहेत, आणि धाग्यांची जाडी काही दशक नॅनोमीटर.

म्हणजे अलिबागच्या त्या अंधाऱ्या खोलीत चांदीचे नॅनोधागे शतकाच्या पहिल्या दशकापासून वाढवले जात होते. डेव्हलपर किती ताजा, किती गार, कागद किती वेळ बुडवायचा, हे तिथल्या माणसांच्या हातात बसलेलं होतं. तारकस जे काम ओढून करत होते ते इथे वाढवून होत होतं आणि ओढण्याची मर्यादा इथे लागू नव्हती. अणूवर अणू बसत असताना कचऱ्याचा कण आडवा येत नाही.

फरक एकच. हे धागे आखूड, वाकडे आणि एकमेकांत अडकलेले. प्रकाश त्यांच्यात शिरला की बाहेर पडत नाही, म्हणून रेघ काळी. त्याच जाडीची चांदी सरळ, लांब आणि विरळ पसरली तर प्रकाश मधून निघून जाईल आणि वीज तारेतून धावेल. चांदीच्या गुंत्याला सरळ करायला पुढची जवळजवळ शंभर वर्षं लागली.

वीज वाहील आणि प्रकाशही आरपार जाईल असा पदार्थ हवा, ही मागणी जुनी आहे आणि अडचणीची. वीज वाहते ती मोकळ्या इलेक्ट्रॉनमुळे, आणि तेच इलेक्ट्रॉन प्रकाश परतवतात. मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये सोन्याचा वर्ख काचेवर ठेवून पाहिला, तर त्यातून हिरवा उजेड येत होता. चांदीचा वर्ख तापवला तर तो जास्त पारदर्शक होतो, पण वीज वाहायची थांबते, कारण सलग पापुद्रा फाटून त्याची बेटं होतात. १९०७ मध्ये, म्हणजे मुंबईत ट्राम सुरू झाली त्याच वर्षी, जर्मनीत कार्ल बेडेकरने कॅडमियमचा पातळ थर हवेत तापवला. कॅडमियम ऑक्साइडचा पारदर्शक थर मिळाला आणि तो वीज वाहत होता. त्या वाटेने पुढे इंडियम-टिन ऑक्साइड आलं. आपल्या फोनच्या पडद्यावर बोट टेकल्यावर जो अदृश्य थर ते ओळखतो, तो बहुतेक वेळा याचाच असतो. पण इंडियम जस्ताच्या शुद्धीकरणात उपउत्पादन म्हणून थोडं थोडं मिळतं, थर बसवायला निर्वात यंत्रं लागतात आणि पडदा वाकवला की थराला तडे जातात. घडी होणारे पडदे करायचे म्हटल्यावर लोक पुन्हा चांदीच्या तारेकडे वळले.

आता नागोठणं. चौलच्या व्यापाराचा घाटाकडे जाणारा रस्ता नागोठण्यावरून जायचा. अंबा नदीच्या परिसरात तिथे सोळाव्या शतकातला दगडी पूल आहे, चौलच्या एका काझीने बांधलेला अशी गॅझेटियरची नोंद. त्याच गावाजवळ, मुंबई हायचा वायू उरणला किनाऱ्यावर आल्यानंतर, आयपीसीएल या सरकारी कंपनीने १९९० च्या सुमारास वायूवर चालणारं संकुल उभारलं. उरणहून नळाने इथेन-प्रोपेन यायचं, त्याचं इथिलीन व्हायचं, इथिलीनचं इथिलीन ऑक्साइड आणि त्याचं पाणी घालून ग्लायकॉल. ग्लायकॉल म्हणजे पाण्यासारखा स्वच्छ, किंचित दाट, चवीला गोड आणि विषारी द्रव. १९७ अंशांना उकळतो. त्याचा मोठा हिस्सा पॉलिस्टरला जातो. पाताळगंगेला पॉलिस्टरचे कारखाने आहेत, म्हणजे रायगड जिल्ह्यातच वायूपासून धाग्यापर्यंतची सगळी साखळी.

धाग्याला लागणारं ग्लायकॉल फार स्वच्छ असावं लागतं. आमचं काम तेच. पाणी किती, आम्लता किती, अल्डिहाइड किती, लोह किती, क्लोराइड किती, आणि २२०, २७५ व ३५० नॅनोमीटरला अतिनील किरण किती टक्के आरपार जातात. आकडा मर्यादेबाहेर गेला की टाकी अडवायची. दहा लाखांत एखादा भाग लोह असला तरी पॉलिस्टर पिवळट होतं, अशी आम्हाला शिकवण. क्लोराइड तर पोलादी नळ्यांचा वैरी. शिफ्टमधल्या लोकांना आमची टाकी अडवलेली आवडायची नाही, आणि आम्हालाही रात्री दोन वाजता त्यांना ते सांगायला आवडायचं नाही.

हेच ग्लायकॉल धातूची पूड करायला उपयोगी पडतं, हे १९८० च्या दशकात पॅरिसमध्ये फिएवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. ग्लायकॉलमध्ये धातूचा क्षार विरघळवून तापवायचा. ग्लायकॉल विद्रावकही होतो आणि स्वतः ऑक्सिडीकरण पावून धातूला मुक्तही करतो. २००२ मध्ये, म्हणजे आमचं संकुल सरकारकडून खासगी हातात गेलं त्याच वर्षी, सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात यूनान शिआ यांच्या गटाने या पद्धतीने चांदीच्या सरळ, लांब नॅनोतारा मोठ्या प्रमाणात काढून दाखवल्या. साहित्य तीनच: सिल्व्हर नायट्रेट, ग्लायकॉल आणि पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन. हे तिसरं नाव लांबलचक आहे, पण जखमेवर लावायच्या पोव्हिडोन-आयोडीनमधलं पोव्हिडोन ते हेच. तापमान १६० अंशांच्या आसपास.

पण तीच कृती दुसऱ्या प्रयोगशाळेत केली की कधी तारा मिळायच्या, कधी नुसते गोळे. एका बाटलीने काम व्हायचं, दुसरीने नाही. शोध लागला तेव्हा मला हसू आलं. फरक ग्लायकॉलमधल्या क्लोराइडच्या आणि लोहाच्या लेशांचा होता. चांदीच्या बीजांवर विरघळलेला ऑक्सिजन चढतो आणि त्यांना खातो. अगदी थोडं क्लोराइड असेल तर चांदीचे आयन धरून ठेवले जातात आणि ते सावकाश सुटतात. लोह किंवा तांब्याचे आयन ऑक्सिजन काढून घेतात. आता लोक स्वच्छ ग्लायकॉल विकत घेतात आणि त्यात मिठाचा किंवा कॉपर क्लोराइडचा मोजून लेश घालतात. ज्या आकड्यासाठी आम्ही टाक्या अडवल्या, तोच आकडा या कामात मसाला ठरला.

माझी भाची एका विद्यापीठात यावरच काम करते. तिच्याकडे मी हे घडताना पाहिलं. तेलाच्या कढईत बुडवलेला चंबू, त्यात तापलेलं ग्लायकॉल. सिल्व्हर नायट्रेट हळूहळू पडतं तसा रंग बदलतो: स्वच्छ, मग पिवळसर, मग तांबूस, मग मळकट राखाडी, आणि शेवटी राखाडीला एक झळाळी. "मावशी, आता हलवून बघ," ती म्हणाली. मी चंबू गरागरा फिरवला आणि आत रेशमाच्या लडी वळल्यासारखे पट्टे उठले. तारा लांब झाल्या की प्रवाहाबरोबर एका दिशेने वळतात आणि उजेड तसा परततो. भाचीच्या गटात माप घेण्याआधी हेच पाहतात. पट्टे उठले तर तारा झाल्या, नुसता गढूळपणा दिसला तर गोळे.

आत काय होतं? सुरुवातीच्या बीजांपैकी काहींत पाच स्फटिक एका अक्षाभोवती जोडलेले असतात. अशा पंचकोनी बीजाच्या बाजूंना पोव्हिडोन घट्ट चिकटतं आणि टोकांना सैल. बाजू झाकलेल्या, टोकं उघडी, म्हणून नवे अणू टोकांवरच बसतात. आमच्या वाडीतली पोफळ जशी बाजूला फांदी न फुटता शेंड्यानेच वाढते, तशीच ही तार, फक्त दोन्ही टोकांनी वाढते. जाडी काही दशक नॅनोमीटरवर थांबते आणि लांबी दहा-वीस मायक्रॉन, कधी त्याहून पुष्कळ जास्त होते. मग ती धुवायची, कारण उरलेलं पोव्हिडोन तारांच्या मध्ये बसून वीज अडवतं. अल्कोहोलमध्ये कालवून फिल्मवर पसरायची, वाळवायची, थोडी तापवून किंवा दाबून तारांचे सांधे जुळवायचे.

स्टॅनफर्डच्या गटाने २००८ मध्ये अशा जाळीचा पारदर्शक इलेक्ट्रोड करून दाखवला आणि तेव्हापासून हे काम उद्योगाकडे वळलं. चौरस मीटरला शंभर मिलिग्रॅमच्या आतबाहेर चांदी पुरते. म्हणजे एका लारीत सुमारे पन्नास चौरस मीटर काच झाकता येईल. झाकता येईल हा शब्दही जास्तच झाला, कारण काचेचा बहुतेक भाग उघडाच राहतो. प्रत्येक तार दुसरीला कुठेतरी शिवली पाहिजे, एवढीच अट. तारा आखूड असल्या तर शिवण्यासाठी त्या दाट पसराव्या लागतात आणि काच धुरकट होते. लांब असल्या तर थोड्यांत भागतं. म्हणून सगळी धडपड लांबीसाठी.

जरीचे जुने शत्रू इथेही आहेत, फक्त जास्त चपळ. पैठणीचा काठ काळा पडायला पिढी गेली. ५० नॅनोमीटरच्या तारेला गंधक आरपार खायला फार काळ लागत नाही, म्हणून तिच्यावर प्लॅस्टिकचा किंवा ऑक्साइडचा थर द्यावा लागतो. उष्णताही लागते. चांदी ९६२ अंशांना वितळते, पण एवढी बारीक तार त्याच्या खूप आधी, दोनशे-तीनशे अंशांतच, थेंबाथेंबांत तुटायला लागते, कारण इतक्या लहान मापाला पृष्ठभाग आक्रसून घ्यायची ओढ फार असते. फॅरडेच्या तापवलेल्या वर्खाची बेटं झाली ती याच ओढीने. कलाबतूत चांदीवर सोनं होतं ते दिसण्यासाठी आणि टिकण्यासाठी. नॅनोतारेवरही काही गट सोन्याचा पातळ थर चढवून पाहतात, आणि त्यांचा हिशोब येवल्याच्या सोनाराला लगेच समजला असता.

महाराष्ट्रात धातू वाढवण्याचं कसब नाही असं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये गवती चहाच्या कुळातल्या गवताच्या अर्कात सोन्याचे पातळ त्रिकोण वाढवून दाखवले. त्यांचा निबंध नेचर मटेरियल्समध्ये छापून आला. ते त्रिकोण अवरक्त किरण शोषतात, म्हणून खिडकीच्या काचेवर उष्णता अडवणारा लेप करता येईल असा विचार त्यात होता. इथेही गवत साधं, आणि नवल ते वाढ थांबवायची कुठे हे ठरवण्याचं.

आमच्या किनाऱ्याचा जमाखर्च इथे येऊन थांबतो. चौलकडे रेशीम नव्हतं, चांदी नव्हती, हात होते, आणि हात गेल्यावर बंदर सरलं. अलिबागकडे धागे वाढवणारे हात होते, पण ते रेघ वाचण्यासाठी राबत होते, धाग्यासाठी नव्हे. नागोठण्याकडे द्रव आहे, पाताळगंगेकडे पॉलिस्टर आहे, म्हणजे ज्या फिल्मवर तारा पसरायच्या तिचाही कच्चा माल, आणि तरी इथला माल टँकरमधून निघून जातो तो साध्या धाग्यासाठी. क्लोराइडचे आकडे वाचणारी माझ्यासारखी माणसं या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. रोहा, नागोठणं, रसायनी, पाताळगंगा, प्रत्येक ठिकाणी प्रयोगशाळा आहे आणि लेशाचं महत्त्व तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन तालुक्यांच्या अंतरात द्रव, फिल्मचा माल आणि लेश मोजणारी माणसं असताना उणीव आहे ती कुणीतरी त्यांना एका खोलीत बसवण्याची.

हे कसं करायचं याचा एक जुना दाखला चौलचाच आहे. १६७० च्या आसपास ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत रेशमाचा धंदा उभा करायचा होता. तिने चौलहून नुसता माल मागवला नाही, तिथले विणकर बोलावले आणि कस्टम हाउसपासून किल्ल्यापर्यंत त्यांच्यासाठी घरांची एक गल्ली बांधून द्यायचा हुकूम काढला.